मिठाच्या पाण्यातलं धान, साखरेच्या पाण्यातली पेशी

मृगाच्या तोंडावर सिंदेवाही, नागभीड, आरमोरी, देसाईगंज या धानपट्ट्यात पऱ्हे टाकण्याआधी जाणते शेतकरी बियाणं मिठाच्या पाण्यात ओततात. कृषी विभागाची शिफारस १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मिठाची आहे. पोचट, रोगट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेलं भरीव बी स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचं. इथे निवड करते ती मिठानं वाढलेली पाण्याची घनता.

पेशीच्या आतले भाग वेगळे काढायलाही हेच तत्त्व कामी येतं. तिथे मिठाच्या जागी बहुधा साखर असते आणि एकाऐवजी अनेक घनता. १९४८ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत होगबूम, श्नायडर आणि पॅलाडी यांनी उंदराचं यकृत लिटरला सुमारे ३०० ग्रॅम साखर असलेल्या द्रावणात घोटलं आणि तंतुकणिका शाबूत बाहेर काढल्या. १९५१ मध्ये मायरन ब्रॅकी यांनी विषाणू वेगळे करण्यासाठी तळाशी दाट आणि वर विरळ होत जाणारं साखरेचं द्रावण वापरलं. पेशीची रचना आणि कार्य उलगडल्याबद्दल १९७४ चं नोबेल पॅलाडी, अल्बेर क्लॉद आणि क्रिस्तियाँ द दूव यांना मिळालं, त्यामागे या विलगीकरणाचा मोठा वाटा होता.

हे द्रावण तयार करणं हातोटीचं काम आहे. ६० टक्के द्रावण म्हणजे ६० ग्रॅम साखर आणि ४० ग्रॅम बफर; त्याची घनता सुमारे १.२९. ४० टक्क्यांची १.१८, २० टक्क्यांची १.०८. सगळं ४ अंश सेल्सिअसला थंड करायचं, नाहीतर पेशीतली विकरं नमुनाच पचवू लागतात. सर्वांत दाट द्रावण तळाशी घालून पिपेटचं टोक नळीच्या भिंतीला टेकवायचं आणि पुढचा थर इतक्या सावकाश सोडायचा की खालचा ढवळू नये. नीट जमलं तर थरांची उतरंड उजेडात स्पष्ट दिसते. दोन थरांमध्ये केसासारखी रेघ उठते. एक बुडबुडा सुटला तरी ती रेघ मोडते. थर हळूहळू एकमेकांत मुरावेत म्हणून नळी रात्रभर थंडीत स्थिर ठेवली, तर घनता टप्प्यांऐवजी सलग उतरत जाते.

मग घोटलेल्या पेशींचा रस वर अलगद सोडून नळी अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. समोरासमोरच्या नळ्यांचं वजन तंतोतंत जुळवावंच लागतं. पुरेसा वेळ फिरवल्यावर प्रत्येक अंगक आपल्याएवढ्या घनतेच्या जागी थांबतं. तंतुकणिका १.१९ च्या आसपास, पेरॉक्सिझोम १.२३ पाशी. शेवटी यंत्राचा ब्रेक न लावता ते आपोआप थांबू द्यायचं, म्हणजे पट्टे विस्कटत नाहीत.

साखरेत एक खोट आहे. दाट द्रावण अंगकांतलं पाणी ओढून घेतं आणि ती आक्रसतात. १९७७ च्या सुमारास आलेल्या परकॉलनं, म्हणजे लेप दिलेल्या सूक्ष्म सिलिका कणांच्या द्रावणानं, ही अडचण बरीच दूर केली. हरितलवकं काढताना ४० आणि ८० टक्के परकॉलचे दोन थर देतात. शाबूत हरितलवकं त्यांच्या सीमेवर हिरवा पट्टा धरतात, फुटलेली वरच राहतात.

पाणी गेलं की घनता वाढते, ही गोष्ट चंद्रपूर-गडचिरोलीला जिव्हाळ्याची आहे, कारण इथल्या आदिवासी आणि इतर अनेक समाजांत सिकलसेल आहे. या आजारात तांबड्या पेशींमधून पोटॅशियम आणि पाणी निघून जातं आणि त्यांतल्या काही नेहमीपेक्षा जड होतात. हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटानं याच गुणावर थेंबभर रक्ताची चाचणी बेतली आणि २०१४ मध्ये झांबियातल्या पडताळणीचे निष्कर्ष मांडले. पक्कं निदान आजही इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनंच होतं. पण जड-हलक्याची निवड रोगापर्यंत कशी पोचवते, हे त्यातून कळतं.

म्हणून इथल्या विज्ञान शिक्षकांना विनंती आहे. अतिवेगवान यंत्र नसलं तरी अडत नाही. साखर, पाणी, खाण्याचे तीन रंग, एक ड्रॉपर आणि एक परीक्षानळी एवढ्यात थर लावायला शिकवता येतं. शेजारी मिठाच्या पाण्यात मूठभर धान टाका. वर्गात बसलेल्या शेतकऱ्याच्या मुलांना पेशीविज्ञानाचं हे तत्त्व घरूनच ठाऊक असतं. त्याचं नाव आणि त्याची पोच तेवढी त्यांना सांगा.