एकत्र विणू या, पण लोकर आपापली मोजू या

दिवाळीचा फराळ संपतो, सकाळी नळावर पाणी भरताना बोटे गारठू लागतात आणि वस्तीतल्या बायकांच्या हातांत सुया दिसू लागतात. आमच्या महिला मंडळात हे दरवर्षीचेच आहे. दुपारची कामे उरकली, की समाजमंदिराच्या ओट्यावर ऊन येते. तिथे आठ-दहा जणी बसतात. कुणी पाठ विणते, कुणी गळ्याचे टाके उचलते, कुणी नुसती शिकायला येते. तोंडे चालू असतात, पण हात थांबत नाहीत.

एकत्र बसून विणण्याचे फायदे पुष्कळ. सुटलेला टाका आपल्या आधी शेजारणीला दिसतो. अवघड वीण पुस्तकापेक्षा दुसरीच्या हाताकडे बघून लवकर येते. एकटीने हाती घेतलेला स्वेटर पेटीत अर्धवट पडून राहतो. चौघींत बसले की तो पुरा होतो. पण यात एक फसगतही आहे. शेजारणीला जेवढी लोकर लागली तेवढीच आपल्याला लागेल, असे आपण धरून चालतो. भगिनींनो, आज त्याविषयीच लिहायचे आहे. कारण त्यापायी आमच्यातल्या एका बाईला आणि तिच्या मुलाला फार मनस्ताप झाला.

ही बाई चार घरची कामे करते. मुलगा तेव्हा चौथीत होता. शाळेचा स्वेटर गडद निळा. तयार स्वेटर परवडेना, म्हणून तिने स्वतः विणायचे ठरवले. शेजारच्या वहिनींनी तेवढ्याच मुलाचा स्वेटर ५० ग्रॅमच्या सहा गुंड्यांत केला होता.

"वहिनी, मला सहा पुरतील ना?"

"माझ्या पोराला पुरले, तुझ्याला का नाही पुरणार?"

सहा गुंड्यांचे पैसे एकदम हातात नव्हते. तिने आधी तीन आणले आणि पगार झाल्यावर आणखी तीन. दुकानदाराने तोच निळा दिला. रात्री दिव्याच्या उजेडात विणताना तिला काही वेगळे वाटले नाही. पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली. दुसऱ्या बाहीचा वरचा चार बोटे भाग आणि गळ्याची पट्टी राहिली, तेवढ्यात सहावा गुंडा संपला. मग पोटाला चिमटा घेऊन सातवा आणला.

मुलाने स्वेटर घातला, उन्हात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, हा तीन रंगांचा आहे गं." खरेच होते ते. छातीवर आडवी रेघ दिसत होती, आणि एका बाहीचे टोक जांभळट होते. दोन दिवस तो तसाच घालून गेला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वेटर दप्तरात कोंबला आणि कुडकुडत वर्गात बसला. मुले काय म्हणाली, ते त्याने घरी सांगितले नाही.

त्या बाईचा हात वाईट नव्हता. टाके एकसारखे होते. चुकला होता तो हिशेब, आणि तो तिला आम्ही कुणीच शिकवला नव्हता.

तोच निळा, तोच नसतो

लोकर गिरणीत एका वेळी ठरावीकच रंगवली जाते. त्या एका खेपेला लॉट म्हणतात. पुढच्या खेपेला रंगाची कृती तीच असली तरी छटा किंचित बदलते. म्हणून गुंड्याच्या लेबलवर दोन आकडे असतात: शेड नंबर आणि लॉट नंबर. शेड नंबर जुळला म्हणजे काम झाले, असे समजू नका. लॉट नंबरही जुळला पाहिजे. दोन गुंडे शेजारी ठेवून फरक दिसत नाही. विणून झाल्यावर मात्र रेघ उमटते. खात्री करायचीच असेल तर दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहा आणि स्वेटर पुरा होईपर्यंत लेबल फेकू नका.

याचा अर्थ असा, की लोकर पहिल्या खेपेलाच पुरेशी घेतली पाहिजे. ज्यांच्या हातात पैसा एकदम येतो त्यांना हे सोपे आहे. जसे पैसे येतील तशी लोकर आणणाऱ्या घराला मात्र लॉटचा फटका हमखास बसतो. म्हणून लोकरीचा अंदाज आपल्यालाच सर्वांत जास्त गरजेचा आहे.

हात ज्याचा त्याचा

वहिनींना सहा गुंडे पुरले आणि हिला पुरले नाहीत, याचे कारण आम्ही नंतर शोधले. दोघींनाही आठ नंबरच्या सुयांवर एकेक गुंडा विणायला दिला. रुंदी दोघींची १४ इंच ठेवली. वहिनींचा हात सैल. त्यांचे विणकाम ११ इंच उंच झाले. हिचा हात घट्ट; तेवढ्याच लोकरीत ते ९ इंच भरले. लोकर तीच आणि सुया त्याच असून गुंड्यामागे दोन इंचांचा फरक पडला!

सुयांचेही लक्षात ठेवा. आपल्याकडच्या जुन्या नंबरात नंबर वाढला की सुई बारीक होते. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे सव्वातीन. बारीक सुईवर वीण दाट होते आणि तेवढ्याच मापाला लोकर जास्त लागते.

आणखी एक गोष्ट अशी, की दुकानात लोकर वजनाने मिळते, पण स्वेटर खातो ती तिची लांबी. अ‍ॅक्रिलिक हे खऱ्या लोकरीपेक्षा हलके असते, म्हणून सारख्याच जाडीच्या ५० ग्रॅममध्ये ते जरा जास्त लांब भरते. सुती धागा जड असतो, म्हणून कमी भरतो. काही लेबलांवर लांबी मीटरमध्ये छापलेली असते. लोकरीचा प्रकार बदलणार असाल तर वजनापेक्षा तो आकडा पाहा.

हिशेब असा मांडा

आधी एकच गुंडा आणा. ज्या सुयांवर आणि ज्या विणीत स्वेटर करायचा, त्यातच तो पुरा विणा. टेपने रुंदी आणि उंची मोजा. मोजताना विणकाम ताणू नका. घट्ट हाताच्या आपल्या बाईचे उदाहरण घेऊ. १४ गुणिले ९ म्हणजे १२६ चौरस इंच. तिचा एक गुंडा एवढे काम करतो.

आता स्वेटरचे माप काढा. मुलाच्या अंगाला टेप लावण्यापेक्षा त्याला नीट बसणारा जुना स्वेटर जमिनीवर पसरून मोजणे सोपे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा साधारण हिशेब असा:

पाठ १४ इंच रुंद आणि १७ इंच उंच, म्हणजे २३८ चौरस इंच.

पुढचा भागही तेवढाच, २३८. गळ्याची जागा वजा करू नका. ती लोकर गळ्याच्या पट्टीला लागते.

बाही १३ इंच लांब. मनगटाशी ७ इंच आणि वर ११ इंच, म्हणजे सरासरी ९ इंच रुंद. एका बाहीचे ११७, दोन्हींचे २३४.

एकूण ७१० चौरस इंच. याला १२६ ने भागले तर साधारण ५.६ गुंडे येतात. त्यात बॉर्डर, शिवण आणि गाठींसाठी दहावा हिस्सा मिळवा. झाले ६.२. म्हणजे सात गुंडे हवेत, सहात भागणार नाही. वहिनींचा गुंडा १५४ चौरस इंच काम करतो. त्यांचे उत्तर ५.१ येते, म्हणून त्यांना सहात पुरून वर जवळजवळ एक गुंडा उरतो.

हा नमुन्याचा गुंडा वाया जात नाही. तो उसवून स्वेटरमध्ये वापरता येतो. मात्र त्याचे माप काढून बाकीचे गुंडे आणायला उशीर करू नका. त्याच लॉटमधले बाजूला ठेवायला दुकानदाराला आधीच सांगून ठेवा.

ज्यांना गुणाकार-भागाकाराचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी दोन सोपे मार्ग. पहिला: तेवढ्याच मापाचा, तेवढ्याच जाड लोकरीचा हाताने विणलेला स्वेटर वाण्याच्या काट्यावर ठेवा. त्याचे वजन म्हणजेच लोकरीचे वजन. आमच्या आजीच्या पिढीतल्या बाया "दहा औंसांचा स्वेटर" म्हणत, तो असाच अनुभवातून आलेला आकडा. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, तेव्हा दहा औंस म्हणजे ५० ग्रॅमचे सहा गुंडे. दुसरा: पाठ आधी विणा. पूर्ण बाह्यांच्या स्वेटरमध्ये पाठ एक तृतीयांश, पुढचा भाग एक तृतीयांश आणि दोन बाह्या मिळून एक तृतीयांश, असा ढोबळ हिशेब असतो. पाठीला सव्वादोन गुंडे लागले तर एकूण पावणेसात लागणार. तेवढे घरात नसतील तर तिथेच थांबा आणि त्या लॉटचे गुंडे मिळताहेत तोवर आणा.

विणीचाही फरक पडतो. वेणीची वीण अंग आत ओढते, म्हणून साध्या विणीपेक्षा बरीच जास्त लोकर खाते. सगळ्या ओळी सुलट विणल्या तर ओळी एकमेकींवर बसतात आणि उंची भरायला जास्त लोकर जाते. जाळीची वीण कमी लोकरीत भागते. आणि अगदी शेवटी, टाके बंद करताना धागा पुरेल की नाही अशी शंका आली, तर रुंदीच्या चौपट धागा शिल्लक आहे का ते पाहा. नसेल तर ती ओळ सुरू करू नका.

आम्ही मंडळात काय केले

त्या तीनरंगी स्वेटरचे काय झाले, ते सांगायला हवे. पाठ तशीच ठेवून बाकी सगळे उसवले. पुढचा भाग विणताना पहिल्या लॉटच्या दोन ओळी, मग दुसऱ्या लॉटच्या दोन ओळी, असे आलटून पालटून विणले. बाह्या दुसऱ्या आणि तिसऱ्या लॉटच्या तशाच केल्या. असे केले की छटा एकमेकींत मिसळतात आणि रेघ उरत नाही. अगदी जवळ जाऊन पाहिले तरच फरक कळतो.

काम लवकर व्हावे म्हणून दोन बाह्या दोघींनी वाटून घेतल्या आणि तिथे आमचे हसे झाले. टाके आणि ओळी मोजून सारख्या, पण एक बाही दुसरीपेक्षा चांगली दीड इंच लांब! मग एक उसवून एकीनेच दोन्ही केल्या. तेव्हापासून आमचा नियम असा: जोडीचे भाग एकाच हातचे हवेत. शक्य तर दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन गुंडे लावून, बरोबरीने विणाव्यात.

पुढच्या वर्षी दसऱ्यालाच आम्ही अकरा जणी बसलो. प्रत्येकीने आपला गुंडा विणला, मोजला आणि आकडा वहीत लिहिला. कुणाचे सहा, कुणाचे सात, कुणाच्या तान्ह्या बाळाचे तीन. बेरीज ६४ झाली. एकेकटीने घेतले असते तर भीतीपोटी प्रत्येकीने एक गुंडा जास्त घेतला असता, म्हणजे अकरा जास्तीचे. आम्ही मंडळाचे म्हणून तीनच जास्त घेतले. सगळ्यांचा अंदाज एकाच वेळी चुकत नाही. एकीला कमी पडते, तर दुसरीचे उरते. त्या तिनांतले दोनच लागले. न उघडलेला, लेबल असलेला गुंडा परत घेण्याचे दुकानदाराने आधीच कबूल केले होते.

पैसे भिशीतून एकदम दिले. मग प्रत्येकीने आपापले आठ आठवड्यांत फेडले. कुणाला खेपेखेपेने लोकर आणावी लागली नाही, म्हणून कुणाच्या मुलाच्या छातीवर रेघ आली नाही. उरलेल्या अर्ध्या-पाव गुंड्यांच्या पट्टे-पट्टे असलेल्या कानटोप्या झाल्या. लहान मुलाच्या टोपीला साधारण एक गुंडा पुरतो.

ज्या बाईचा स्वेटर बिघडला होता, वही आता तिच्याकडे असते. नवीन मुलगी विणायला आली आणि "ताई, किती गुंडे आणू?" असे तिने विचारले, की ही आकडा सांगत नाही. तिच्या हातात एक गुंडा आणि सुया देते आणि म्हणते, "आधी एवढं विणून दाखव. मग तुझा हातच सांगेल."