सेल्फची खरखर

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या स्टार्टरवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि माझी फी वडिलांच्या गॅरेजातून येते. तेथे जे शिकलो तेही शिक्षणच होय, असे मला वाटते.

आमच्या गावातील एका गृहस्थांकडे १९७४ सालची अ‍ॅम्बॅसिडर आहे. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीवरून बेतलेली ही मोटार पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५७ पासून २०१४ पर्यंत तयार होत असे. गेल्या वैशाखात त्यांच्या नातीचे लग्न होते आणि वरात याच गाडीतून निघायची होती. आठ दिवस आधी गाडीचा सेल्फ (गॅरेजात स्टार्टरला सेल्फच म्हणतात) मधूनमधून खरखरू लागला. अण्णा परगावी गेले होते. मी सेल्फ उतरविला, आटे कोरडे दिसले, म्हणून त्यांवर बोटभर ग्रीस चोपडले. दोन दिवस गाडी बरी चालली. ऐन वरातीला मात्र मांडवासमोर 'खर्रर्र' असा आवाज झाला आणि वऱ्हाड्यांनी गाडी ढकलत नेली. ते गृहस्थ मला एक शब्दही बोलले नाहीत. अण्णांनी इतक्या वर्षांत मिळविलेले नाव मी बोटभर ग्रीसने घालविले, असे मला झाले.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. रागावले नाहीत. म्हणाले, "आधी कानानं बघायचं, मग पान्यानं."

आवाजाचे प्रकार त्यांनी सांगितले, ते असे. नुसते 'टक्' झाले तर आधी बॅटरी आणि तिच्या तारा पाहाव्यात. 'घुंई' असा आवाज येऊन इंजिन फिरलेच नाही, तर सेल्फ फिरतो आहे पण त्याची दातेरी चाकी, म्हणजे पिनियन, पुढे सरकत नाही. 'खर्रर्र' झाले तर पिनियन पुढे जाते, पण दातांत दात नीट बसत नाहीत.

या जुन्या सेल्फात पिनियन आटे पाडलेल्या नळीवर बसविलेले असते. बोल्ट झटक्यात फिरवला तर सैल नट मागे रेंगाळतो आणि आट्यांवरून पुढे सरकतो. तसेच हे पिनियन सरकते आणि फ्लायव्हीलच्या कडेवरील दातेरी रिंगमध्ये अडकून इंजिन फिरविते. इंजिन सुरू होताच फ्लायव्हील अधिक वेगाने फिरू लागते व पिनियन मागे फेकले जाते. म्हणून ते आट्यांवर अगदी मोकळे हवे. ग्रीस लावले की क्लचची धूळ त्यात बसून चिकटा तयार होतो आणि पिनियन अर्ध्यावरच अडखळते. माझे चुकले ते येथे.

अण्णांनी बॅटरीची तार सोडली, सेल्फ काढला, आटे रॉकेलने धुऊन कोरडे केले. तेलाचा थेंबही लावला नाही. स्प्रिंग तुटलेली नाही ना, हे पाहिले. मग सेल्फच्या रिकाम्या भोकातून बॅटरीचा उजेड पाडून मला हँडलने इंजिन हळूहळू फिरवावयास सांगितले. रिंगचे दात समोरासमोर दोनच ठिकाणी झिजलेले होते! चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनच्या दाबामुळे बहुधा त्याच दोन जागी थांबते. साहजिकच सेल्फचा पहिला मार दर वेळी त्याच दातांवर बसतो. मूळ दुखणे हे होते. खरखर मधूनमधून का होई, तेही उलगडले.

अशा वेळी तात्पुरता उपाय म्हणजे इग्निशन बंद ठेवून, गाडी टॉप गियरमध्ये टाकून थोडी पुढेमागे ढकलावी. तेवढ्याने समोर चांगले दात येतात. पिनियन अडकले असल्यास तेही सुटते. कायमचा उपाय रिंग बदलण्याचा. त्यासाठी गियरबॉक्स व क्लच उतरवावा लागतो. नवी रिंग फिकट निळा रंग येईपर्यंत तापवून फ्लायव्हीलवर बसवितात. निवताना ती आवळते. त्याहून अधिक तापविल्यास दातांचे पाणी उतरते.

नवा सेल्फ माथी मारून पैसे घेता आले असते. अण्णांनी गृहस्थांना झिजलेले दात दाखविले, माझी चूकही सांगितली, आणि फक्त रिंगचे पैसे घेतले. मजुरी घेतली नाही.

ती गाडी आजही आमच्याकडेच येते. अण्णा मला चाकावर बसवितात आणि म्हणतात, "सेल्फ मार, आणि काय ऐकू येतं ते सांग."