कॅफीनविरहित कॉफी

बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव राजा या गावी पाहुणा आला की त्याच्यापुढे प्रथम चहा येतो. तथापि कॉफीही विदर्भाला परकी नाही. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा येथे, सातपुड्याच्या थंड हवेत, कॉफीची झाडे वाढतात. तिच्या बियांना जुन्या मराठीत 'बुंद' असे नाव आहे.

चहा काय, कॉफी काय, दोहोंनी येणारी तरतरी कॅफीन या द्रव्यामुळे येते. झाडाला ते किडीपासून वाचवते. माणसाची सुस्ती ते घालवते खरे. पण अतिरेक झाला तर झोप उडते व छाती धडधडू लागते. १८१९ साली रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॉफीतून कॅफीन वेगळे केले. त्यासाठी बिया दिल्या होत्या महाकवी गटे यांनी!

कॉफीची चव राखून कॅफीन तेवढे काढता येईल काय? हे काम सोपे नव्हे. बियांत कॅफीन शेकडा एक ते दोन भागच असते. शिवाय पाण्यात ते विरघळते, तशी चवीची द्रव्येही विरघळतात. ब्रेमेन शहरातील व्यापारी लुडविग रोझेलियस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक मार्ग काढला. कच्च्या बिया वाफवून फुगवायच्या आणि बेंझीन या द्रवाने त्यांतील कॅफीन ओढून घ्यायचे. १९०६ साली त्यांनी या कॉफीचा कारखाना काढला. पुढे बेंझीन हेच रक्ताच्या कर्करोगास कारण होते असे सिद्ध झाले, आणि ती रीत सोडून द्यावी लागली. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते असे!

पाण्याची रीत मोठी युक्तीची आहे. मिठाने तृप्त झालेल्या पाण्यात आणखी मीठ विरघळत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. प्रथम काही बिया गरम पाण्यात भिजवतात. त्या पाण्यात चव व कॅफीन दोन्ही उतरतात. मग विशेष तऱ्हेच्या कोळशाने त्यातील कॅफीन शोषून घेतात. उरलेल्या पाण्यात नव्या बिया घातल्या की ते पाणी चवीने आधीच तृप्त असल्यामुळे बियांतून मुख्यतः कॅफीनच बाहेर पडते.

१९६७ च्या सुमारास कुर्ट झोझेल या जर्मन शास्त्रज्ञाने आणखी एक रीत शोधली. आपण उच्छ्वासावाटे सोडतो तो कार्बन डायऑक्साइड वायू ३१ अंशांहून अधिक उष्णतेत, हवेच्या सुमारे ७३ पटींहून अधिक दाबाखाली ठेवला, तर तो वायूसारखा बियांत शिरतो आणि द्रवासारखा कॅफीन विरघळवतो. दाब काढताच तो उडून जातो; मागे विषारी अंश राहत नाही.

ही सारी क्रिया बिया भाजण्यापूर्वी करतात. कारण कॉफीचा सुगंध भाजल्यावरच प्रकट होतो. काढलेले कॅफीनही वाया जात नाही. ते औषधांत व शीतपेयांत वापरतात. मात्र 'कॅफीनविरहित' कॉफीतही कॅफीनचा किंचित अंश उरतोच. वैद्याने ज्यास कॅफीन पूर्ण वर्ज्य सांगितले असेल, त्याने हे विसरू नये.

दूध आणि पाणी वेगळे करणाऱ्या हंसाची कथा आपण ऐकतो. तो विवेक मनुष्याने अशा रीतीने, चुका सुधारीत, प्रयोगशाळेत साधला आहे.