वर्दीतल्या लेकीची बाळंतपणाची रजा



सेलूतून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पाचला कधी उभं राहून पाहिलंय का? पोरी पळत असतात. कोणी भावाचे बूट घालून, कोणी ओढणी कमरेला बांधून. कडेला एखादी माय हातात पाण्याची बाटली घेऊन उभी असते. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावायचं असतं, चार किलोचा गोळा फेकायचा असतो आणि उंची १५५ सेंटिमीटर लागते. हे सगळं या मायांना तोंडपाठ झालंय. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, तेव्हा गावागावांतून लेकी खाकी घालू लागल्या. २०२४च्या जानेवारीत तर रश्मी शुक्ला यांच्या रूपानं राज्याच्या पोलीस महासंचालकपदावर पहिल्यांदाच एक बाई बसली.

भरतीची माहिती सगळ्यांकडे असते. पण पोरगी लागली, तिचं लग्न झालं, दिवस गेले, मग पुढे काय, हे सांगणारं कोणी भेटत नाही. म्हणून आज रेडिओवर आम्ही हा विषय घेतला आणि तोच इथे छापून देत आहोत.

विषय सुचला तो आमच्या गटातल्या एका मावशीमुळे. त्यांची लेक दुसऱ्या जिल्ह्यात पोलीस शिपाई आहे. चौथा महिना लागला तरी तिनं ठाण्यात सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं म्हणून आईनं विचारलं, तर म्हणाली, "माय, आमच्या ठाण्यात आधीच माणसं कमी. मी सुटीवर गेली तर माझी ड्युटी बाकीच्या पोरींवर पडते. त्या तोंडावर काही बोलत नाहीत, पण समजते ना." ही पोरगी रात्रीच्या बंदोबस्ताला उभी राहत होती. पोट दिसू नये म्हणून पट्टा वरती बांधत होती. आम्ही ऐकलं आणि गप्पच झालो. रजेचा नियम नाही म्हणून तिची अडचण नव्हती. नियम होता. तो मागायचा कसा, हीच तिची अडचण होती.

तर आधी नियम काय आहे ते पाहू.

आपल्या राज्याचे पोलीस हे राज्य शासनाचे कर्मचारी. त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू होतात. त्यातला ७४वा नियम प्रसूती रजेचा. आधी ही रजा ९० दिवसांची होती. ऑगस्ट २००९मधल्या शासन निर्णयानं ती १८० दिवसांची झाली. या रजेत पगार पूर्ण मिळतो. रजेवर जाण्याआधी जो पगार होता तोच. आणि ही रजा तिच्या खात्यावरच्या दुसऱ्या रजांतून कापली जात नाही, हे लक्षात ठेवा. कितीतरी मुली समजतात की आपली अर्जित रजा संपणार. तसं नसतं. उलट प्रसूती रजेला जोडून शिल्लक असलेली दुसरी रजा घेता येते.

अट एक मोठी आहे. दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असतील तरच ही रजा मिळते. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या बाळंतपणाला. सरकारी नोकरीत लहान कुटुंबाचाही नियम आहे, २००५चा. २८ मार्च २००६नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली तर नोकरीलाच अपात्र ठरतात. "एक मुलगा होऊ दे" म्हणत सुनेच्या मागे लागणाऱ्या सासूबाईंनी हे दोनदा वाचावं.

आता तुमच्यातली एखादी म्हणेल, आम्ही तर २६ आठवडे ऐकलं होतं. बरोबर ऐकलंत, पण तो दुसरा कायदा होता. प्रसूती लाभ अधिनियम, १९६१. कारखाने, खाणी, मळे, दुकानं आणि खाजगी आस्थापनांतल्या बायकांसाठी तो झाला. २०१७ साली त्यात १२ आठवड्यांचे २६ आठवडे केले. सरकारी कर्मचाऱ्यांचं काम त्यांच्या सेवा नियमांवर चालतं, म्हणून पोलिसांचे १८० दिवस. २६ आठवड्यांचे होतात १८२ दिवस. दोन दिवसांचा फरक आहे, भांडायचं काही कारण नाही.

एक हिशोब मात्र करून ठेवावा. समजा बाळंतपणाची तारीख १५ नोव्हेंबर आहे. लेकीनं १ ऑक्टोबरपासून रजा टाकली तर १८० दिवस २९ मार्चला संपतात. बाळ तेव्हा साडेचार महिन्यांचं. १ नोव्हेंबरपासून टाकली तर २९ एप्रिलला संपतात, बाळ साडेपाच महिन्यांचं. सहा महिने नुसतं आईचं दूध, हे अंगणवाडीत आपण भिंतीवर वाचतो. पण म्हणून नवव्या महिन्यापर्यंत बंदोबस्त करायचा का? डॉक्टर काय म्हणतात ते आधी. पायाला सूज असेल, रक्तदाब वाढला असेल, तर दिवसांचा हिशोब बाजूला ठेवा. डॉक्टरांच्या लेखी सल्ल्यावर हलकं काम मागता येतं, नाहीतर आजारपणाची रजा आधी घेता येते.

बाळ मोठं झालं तरी आजारी पडतं, दहावीला बसतं. त्यासाठी जुलै २०१८पासून राज्य सरकारनं बालसंगोपन रजा सुरू केली. पूर्ण नोकरीत मिळून १८० दिवस, वर्षाला जास्तीत जास्त दोन महिने, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, पहिल्या दोन मुलांसाठी. बायको वारलेल्या पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळते, हे आम्हाला फार आवडलं. ही रजा मात्र हक्क म्हणून मागता येत नाही, साहेबांनी मंजूर करावी लागते. तुमची लेक केंद्राच्या दलात असेल, म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दल वगैरे, तर तिथले नियम वेगळे. तिथे प्रसूती रजा १८० दिवसच आहे, पण बालसंगोपन रजा ७३० दिवसांपर्यंत, आणि जावईही केंद्राच्या नोकरीत असेल तर त्याला १५ दिवसांची पितृत्व रजा.

आता येऊ दत्तकाकडे. रेडिओवर या भागाला सगळ्यात जास्त फोन आले.

आपल्याकडे मूल "पदरात घेतात". जावेचं घेतात, नणंदेचं घेतात. शाळेत नाव लावलं की झालं, असं आपण समजतो. रजेच्या कामी हे चालत नाही. कायद्यानं दत्तक झालेलं हवं. अनाथ, सोडून दिलेलं किंवा आईबापांनी स्वाधीन केलेलं मूल असेल तर बाल न्याय अधिनियम, २०१५प्रमाणे सरकारमान्य दत्तक संस्थेकडूनच ते घ्यावं लागतं. नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे ज्याला सगळे 'कारा' म्हणतात तिथे, ऑनलाइन होते. मग समाजसेविका घरी येऊन चौकशी करते. सप्टेंबर २०२२पासून दत्तकाचा शेवटचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. एकट्या बाईलाही दत्तक घेता येतं, मुलगा असो की मुलगी. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही.

दत्तक घेणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांना राज्य सरकार विशेष रजा देतं. त्यात बाळाचं वय बघितलं जातं, म्हणून बाळ घरी आणण्याआधीच आस्थापना शाखेत जाऊन चालू शासन निर्णयाची प्रत मागून घ्यावी. केंद्राच्या नोकरीत एक वर्षाच्या आतलं बाळ दत्तक घेतलं तर १८० दिवस मिळतात. आणि जो २०१७चा बदल आपण वर पाहिला, त्यात दत्तक आईला १२ आठवडे दिले, तेही बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच.

ही तीन महिन्यांची अट आम्हाला काही पटली नाही, आणि का पटली नाही ते सांगतो. एखाद्या आईनं बाळ संस्थेच्या स्वाधीन केलं तर तिला फेरविचारासाठी दोन महिने द्यावे लागतात. हे योग्यच आहे, कोणतीही माय असा निर्णय हसतहसत घेत नाही. त्यानंतर बाळ दत्तकासाठी कायद्यानं मोकळं झालं असं बालकल्याण समिती जाहीर करते. मग यादी, मग पालकांची निवड, मग कागद. एवढं होईस्तोवर तीन महिने निघून जातात. म्हणजे रजा होती, पण ती मिळेल असं बाळच हाती येत नव्हतं. शिवाय दोन वर्षांचं लेकरू नव्या घरी येतं तेव्हा रात्री दचकून उठतं, कोणाकडे जात नाही, जेवत नाही. त्याला आईची गरज तान्ह्यापेक्षा कमी नसते.

न्यायालयांनी अशा ठिकाणी बायकांची बाजू घेतली आहे. आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे एका अधिव्याख्यातेचं प्रकरण आलं. तिचं बाळ सरोगसीनं, म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटी वाढून जन्मलं होतं. तू बाळंत झाली नाहीस, मग रजा कशाची, असं म्हणून तिला रजा नाकारली होती. न्यायालय म्हणालं की बाळाला सांभाळणारी आई हीच आहे, दत्तक आईला मिळते तशी रजा हिलाही मिळाली पाहिजे. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चंदीगडच्या एका परिचारिकेला न्याय दिला. तिचं लग्न बिजवराशी झालेलं. त्याच्या पहिल्या मुलांसाठी तिनं बालसंगोपन रजा घेतली होती, म्हणून तिच्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणाला प्रसूती रजा नाकारली. न्यायालयानं ती द्यायला लावली. मे २०२५मध्ये तमिळनाडूतल्या एका शिक्षिकेच्या बाबतीत त्याच न्यायालयानं सांगितलं की प्रसूती रजा हा स्त्रीच्या मातृत्वाच्या हक्काचा भाग आहे.

हा हक्क काही आजचा नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात गिरणीतल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं उभे राहून बोलले. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला, देशातला तसा पहिला. पुढे राज्यघटनेच्या ४२व्या अनुच्छेदात प्रसूती साहाय्याची तरतूद आली. तेव्हा पोरीला सांगा, साहेबांच्या दारात तू उपकार मागायला चालली नाहीस.

आता मागायचं कसं? तोंडी सांगून थांबू नये. अर्ज लेखी, ठाणेदारांमार्फत पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र, त्यावर बाळंतपणाची अंदाजे तारीख. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, सही, शिक्का आणि तारीख घ्यायची आणि ती प्रत घरी ठेवायची, ठाण्याच्या कपाटात नाही. रुजू होताना सेवापुस्तकात प्रसूती रजेची नोंद झाली का, हे आपल्या डोळ्यानं पाहायचं. दत्तकासाठी संस्थेचं पत्र, बाळ ताब्यात दिल्याचा कागद आणि पुढे जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश जोडायचा. रजा नाकारली तर नकारही लेखी मागायचा. तो हातात असेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाता येतं, त्याचं खंडपीठ नागपूरला आहे. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायकांना मोफत वकील देतं, उत्पन्न कितीही असो.

कामाच्या तासांचंही थोडं. २०२१च्या सप्टेंबरात त्या वेळचे पोलीस महासंचालक संजय पांडे यांनी महिला पोलिसांची ड्युटी १२ तासांवरून ८ तासांची करायला सांगितलं. नागपूर शहरात ते त्याआधीच सुरू झालं होतं. सणासुदीला, निवडणुकीला हे तास वाढतात, ते आपण सगळ्या पाहतोच. तान्हं बाळ घरी असलेल्या पोरीनं निदान आठ तास आणि जवळची नेमणूक लेखी मागावी. मागितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही.

एका ताईनं फोनवर विचारलं, "लेकीचं समजलं, पण मी कापूस वेचते, मला कोण रजा देते?" खरं आहे. मजुरी करणाऱ्या बाईला पगारी रजा नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आहे. पहिल्या बाळाला ५,००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये. सरकारी नोकरीतल्या बायकांना ही योजना नाही. आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत नाव नोंदवा, आधार आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं लागतं. सहा महिन्यांच्या पगारापुढे हे पैसे फार थोडे आहेत, हे आम्हालाही दिसतं. त्यावर एक वेगळा कार्यक्रम आम्ही करणार आहोत.

आणि हो, त्या मावशीच्या लेकीचं सांगायचं राहिलं. आईनं फोनवर अर्जाचा मजकूर सांगितला, लेकीनं लिहून दिला. आता तिला रात्रीची ड्युटी नाही, ठाण्यातच टेबलावरचं काम आहे. तिच्यासोबतच्या दोघींनी तिच्याकडून त्या अर्जाचा फोटो मागून घेतलाय.