वेशीपलीकडचा वाचक

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ३५१ शहरे आणि गावे आहेत, आणि वाचनालय हा त्या प्रत्येकाचा घरचा कारभार समजला जातो. बोस्टनला सार्वजनिक वाचनालय उभारण्याची परवानगी विधिमंडळाने १८४८ साली दिली. १८५१च्या कायद्याने तोच अधिकार राज्यातल्या इतर गावांना मिळाला. खर्च मुख्यतः गावाच्या मालमत्ताकरातून होत असल्याने पुस्तक घरी नेण्याचा हक्कही गावकऱ्यांपुरताच, हे ओघानेच आले. अनामत आणि वर्गणी भरून सभासद होणाऱ्या मराठी वाचकाला ही अट चमत्कारिक वाटेल. पण जिथे वर्गणीच नाही, तिथे शेजारच्या गावचा वाचक फुकट्या ठरायला वेळ लागत नाही. गेल्या साठेक वर्षांत ही वेस बरीचशी मोडली. ती मोडण्यात औदार्यापेक्षा हिशेबाचा वाटा मोठा होता, आणि म्हणूनच ही देवघेव टिकली, असे माझे मत आहे.

१९६०च्या कायद्याने राज्यात प्रादेशिक ग्रंथालय व्यवस्था आली. बोस्टन, वूस्टर आणि स्प्रिंगफील्डच्या मोठ्या ग्रंथालयांनी आसपासच्या लहान वाचनालयांना हात द्यायचा आणि त्याचे पैसे राज्याने मोजायचे, अशी ती रचना. खरी निकड मात्र १९८० नंतर निर्माण झाली. त्या वर्षी मतदारांनी मालमत्ताकराला लगाम घातला: स्थानिक मतदान घेतल्याशिवाय जुन्या मालमत्तांवरची एकूण करवसुली वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. वाचनालयांचे हात आखडले, आणि नेमके त्याच दशकात संगणक दाराशी आले. एकट्या गावाला न झेपणारा तो खर्च वाटून घेण्यासाठी बोस्टनच्या पश्चिमेकडच्या गावांचे ‘मिनिटमन’सारखे संघ बांधले गेले. संगणक सामाईक झाला, मग ग्रंथसूची आणि मागोमाग वाचकाचे कार्डही. पुढे राज्याच्या अनुदानात एक वेगळा भाग आला: बाहेरगावच्या वाचकांना जितकी पुस्तके दिली जातील, त्या प्रमाणात थोडीफार भरपाई. रक्कम मोठी नव्हती. पण शेजाऱ्याला पुस्तक देणे ही उपकाराची बाब न राहता वहीत नोंदवण्याजोगी गोष्ट झाली.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की शेजारी चांगले ग्रंथालय चालवत असताना आपण खर्च कशाला करायचा, असे एखादे गाव म्हणेल. हा आक्षेप खोटा नाही. कोणत्याही पंचायतीला हा मोह होईल. राज्याने त्यावर प्रमाणपत्राचा उपाय योजला. आधीच्या तीन वर्षांच्या तरतुदीची सरासरी काढून त्यावर अडीच टक्के वाढ, एवढी रक्कम गावाने वाचनालयाला दिली पाहिजे. शिवाय लोकसंख्येनुसार ठरलेले तास ते उघडे राहिले पाहिजे आणि खर्चाचा ठरावीक हिस्सा पुस्तकांवर गेला पाहिजे. यात गाव चुकले तर अनुदान जाते, आणि इतर ग्रंथालये त्या गावच्या वाचकांना पुस्तके नाकारू शकतात. म्हणजे शेजारचे दार उघडे राहावे यासाठी आपल्या घरचे दिवे चालू ठेवावे लागतात. अंदाजपत्रकाच्या सभेत वाचनालयाची बाजू मांडणाऱ्याला याहून धारदार हत्यार मिळाले नसते. नव्या, लोकप्रिय पुस्तकांसाठी गावकऱ्यांनाच ताटकळावे लागते, ही तक्रार त्यामानाने किरकोळ. काही ग्रंथालये अशा पुस्तकांच्या थोड्या प्रती गावापुरत्या राखून ठेवतात आणि प्रश्न बराचसा सुटतो.

अवघड प्रश्न वेगळाच आहे. तरतूद कापतो गावचा कारभार, शिक्षा भोगतो वाचक, आणि त्यात मतदानाचे वयही न झालेली मुले असतात. राज्याला हे कळत नव्हते असे नाही. सगळ्याच खात्यांना कात्री लागली असेल आणि वाचनालयाला इतरांहून फार जास्त लागली नसेल, तर गावाला सूट मागता येते. २००८ नंतरच्या मंदीत असे अर्ज पुष्कळ आले. तरीही काही गावांचे प्रमाणपत्र गेलेच. तत्त्वतः त्यांच्या वाचकांना बोस्टनचे सार्वजनिक ग्रंथालय उरते, कारण ते सबंध राज्याच्या रहिवाशांसाठी खुले आहे. पण पश्चिमेकडच्या बर्कशायरच्या डोंगराळ भागातून बोस्टन २०० किलोमीटरांवर पडते, आणि बंदीची झळ बसते ती दहा किलोमीटरांवरच्या वाचनालयात चालत किंवा सायकलवर जाणाऱ्याला. गावाला दंड करताना निदान शाळकरी मुलांचे कार्ड चालू ठेवायला हवे. त्याने खजिन्यावर पडणारा भार फारसा नाही.