पोर्तुगीज हिंदुस्थान हवाई वाहतूक संस्था

गोवा, दमण व दीव या तत्कालीन पोर्तुगीज प्रदेशांत हवाई वाहतूक करणारी भूतपूर्व संस्था (१९५५–६१). ‘ट्रान्सपोर्तेस एरेओस दा इंडिया पोर्तुगेझा’ हे तिचे मूळ नाव. तिचे मुख्य ठाणे दाबोळी (मुरगाव तालुका) येथे होते.

हे तीन प्रदेश परस्परांना लागून नाहीत. दमण गोव्याच्या उत्तरेस सरळ अंतराने सु. ५५० किमी. असून दीव सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाशी आहे. १९५४ मध्ये दाद्रा व नगरहवेली हे प्रदेश मुक्त झाले. त्यानंतर भारताने पोर्तुगीज वसाहतींवर आर्थिक निर्बंध घातले व १९५५ मध्ये मुरगावकडे जाणारी आंतरराज्यीय रेल्वे वाहतूकही थांबली. या कोंडीवर उपाय म्हणून गव्हर्नर जनरल पाउलो बेनार्द गेदेस यांच्या कारकीर्दीत ही संस्था स्थापन झाली. दाबोळी, दमण व दीव येथे विमानतळ उभारण्यात आले. तिचा उगम अशा रीतीने व्यापारी मागणीपेक्षा राजकीय निकडीत होता.

भारतीय भूमी टाळून बाहेरच्या जगाशी संबंध ठेवण्यासाठी कराची हे तिचे महत्त्वाचे स्थानक ठरले. प्रारंभी ‘हेरॉन’ ही चार एंजिनांची लहान विमाने वापरात होती. पुढे ‘व्हायकिंग’ आणि डग्लस बनावटीची मोठी विमाने आली व लिस्बनपर्यंत उड्डाणे होऊ लागली.

१८ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्तीच्या लष्करी कारवाईत भारतीय हवाई दलाच्या ‘कॅनबेरा’ विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँबफेक केली. तळावर उभी असलेली दोन प्रवासी विमाने मात्र बचावली. त्यांपैकी एक या संस्थेचे व दुसरे पोर्तुगालच्या राष्ट्रीय विमान कंपनीचे होते. त्याच रात्री धावपट्टीच्या शाबूत राहिलेल्या भागावरून, काही पोर्तुगीज कुटुंबांना घेऊन, दोन्ही विमाने कराचीकडे निघून गेली. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पतकरली आणि संस्थेचे कार्य संपुष्टात आले.

वसाहत तगवून धरण्याचा तिचा हेतू सहा वर्षांतच निष्फळ ठरला. दाबोळीचा विमानतळ मात्र टिकून राहिला. मुक्तीनंतर तो भारतीय नौदलाकडे आला व दुरुस्तीनंतर नागरी विमानांसाठीही खुला झाला. पुढील काळात गोव्याच्या पर्यटन व्यवसायाच्या वाढीस त्याचा मोठा हातभार लागला.