गाडी किती ओढील?

इंदूरच्या चोइथराम मंडईच्या दाराशी हंगामात कांदा, बटाटा, लसूण यांनी भरलेल्या ट्रॉल्यांची आणि पिकअप गाड्यांची रांग लागते. या रांगेतील बहुतेक मालकांनी वाहन विकत घेताना विक्रेत्याला एक प्रश्न हटकून विचारलेला असतो : ही गाडी किती ओझे ओढील? उत्तरादाखल जो आकडा मिळतो, त्यावर पुढे मालकाचा धंदा आणि प्रसंगी चालकाचा जीवही अवलंबून राहतो. तेव्हा हा आकडा येतो कोठून आणि त्यावर कितपत विसंबावे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

सामान्य समजूत अशी की, इंजिन जितके जोरकस तितके ओझे अधिक. ही समजूत खोटी नव्हे, पण अपुरी आहे. सपाट डांबरी रस्त्यावर सर्व भारासह 5,000 किलो वजनाचे वाहन संथ गतीने चालते ठेवण्यास सामान्यतः 50 ते 75 किलो वजनाइतका जोर पुरतो. तेच वाहन शंभर फुटांना बारा फूट चढणाऱ्या वाटेवर नेताना केवळ चढापायी आणखी सुमारे 600 किलोंचा जोर लागतो. म्हणजे एकाच गाडीविषयी दोन प्रामाणिक माणसे दोन निराळे आकडे सांगू शकतील; एकाने सपाटी गृहीत धरलेली असेल, दुसऱ्याने घाट.

चढापेक्षाही कठीण परीक्षा उताराची. माळव्याचे पठार इंदूरजवळ समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंच आहे. नर्मदाकाठचे महेश्वर त्याहून सुमारे 400 मीटर खाली. मानपूरकडून जा, सिमरोळवरून भेरूघाटाने जा, की जामघाटाने जा, निमाडात जाणाऱ्याला ही उंची उतरावीच लागते. पाच टनांचे वाहन ब्रेकच्या आधारे 100 मीटर खाली उतरले आणि त्याची सारी शक्ती ब्रेकमध्येच जिरली, तर तेथे उत्पन्न होणाऱ्या उष्णतेने 15 लिटर पाणी उकळू लागेल. ब्रेक अतिशय तापले की त्यांची पकड सैल पडते. आग्रा-मुंबई रस्त्यावरील गणपती घाट अशाच अपघातांनी कुप्रसिद्ध झाला आणि उतरणाऱ्या वाहनांसाठी 2024 साली तेथे निराळा रस्ता काढावा लागला. तात्पर्य, जे ओझे ओढता येते ते आवरता येतेच असे नाही. आणि ओढण्याच्या क्षमतेचा आकडा या दोन्ही गोष्टी जमेस धरून ठरला पाहिजे.

असा आकडा सांगण्याचे काम केवळ कारखानदारावर सोपवले तर काय होते, याचा अनुभव अमेरिकेतील शेतकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी घेतला. विल्मट क्रोझियर हा नेब्रास्का राज्यातील शेतकरी. त्याने घेतलेले ट्रॅक्टर जाहिरातीतील वर्णनास उतरेनात. पुढे तो राज्याच्या विधिमंडळावर निवडून आला आणि 1919 साली त्याच्या पुढाकाराने एक कायदा संमत झाला. ट्रॅक्टरचा नमुना विद्यापीठातील अभियंत्यांनी तपासावा, कारखानदाराचा दावा आणि प्रत्यक्ष परीक्षेचा निकाल ताडून पाहावा, मगच त्या राज्यात विक्रीस परवानगी मिळावी, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी परीक्षा सुरू झाल्या.

पिकअप गाड्यांच्या बाबतीत मात्र ही शिस्त येण्यास फार काळ लागला. त्या देशात पिकअपमागे नौका, घोड्यांची गाडी किंवा फिरते घर जोडण्याची रीत आहे. प्रत्येक कारखाना आपापल्या पद्धतीने परीक्षा घेई आणि आपला आकडा शेजाऱ्याच्या आकड्याहून मोठा करून दाखवी. अखेर तेथील वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एस. ए. ई. ने, 2008 साली ‘जे 2807’ या क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. त्यातील कसोट्या पाहण्यासारख्या आहेत. ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा सुमारे 18 किलोमीटरांचा चढ, हवेचे तापमान किमान 38 अंश, गाडीतील वातानुकूलन पूर्ण जोरात सुरू; अशा स्थितीत सामान्य पिकअपची गती ताशी 64 किलोमीटरांच्या खाली जाता कामा नये. शंभरात बारा चढाच्या वाटेवर थांबलेली गाडी पाच मिनिटांत पाच वेळा पुढे काढून दाखवावी लागते. याखेरीज वेग घेण्याच्या, थांबण्याच्या आणि मागचे ओझे न हेलकावता नेण्याच्या परीक्षा वेगळ्या. गाडीत 68 किलोंचा चालक आणि तितक्याच वजनाचा सोबती बसला आहे, हेही धरावे लागते; रिकाम्या गाडीवर आकडा फुगवता येत नाही.

टोयोटाने हे मानक 2011 च्या टुंड्रा गाडीस प्रथम लावले, तेव्हा तिचा जाहीर आकडा पूर्वीपेक्षा खाली आला. गाडी काही दुबळी झाली नव्हती. माप खरे झाले होते. प्रतिस्पर्धी मोठे कारखाने त्यानंतर काही वर्षे थांबून 2015 च्या सुमारास त्याच मापाकडे वळले. एकट्याने खरे बोलणारा बाजारात तोट्यात जातो. सर्वांनी एकच माप स्वीकारले म्हणजे खरेपणाचा भुर्दंड कोणालाच पडत नाही. सार्वत्रिक मानकाचे खरे मोल हे आहे.

आपल्याकडे पिकअप प्रामुख्याने पाठीवर ओझे वाहण्यासाठी घेतली जाते. ओढण्याचे काम ट्रॅक्टर करतो. त्याच्या परीक्षेची सोय दूर नाही. नर्मदेच्या उत्तर तीरावर बुदनी येथे 1955 साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची ओढशक्ती व ब्रेक तपासले जातात आणि कारखानदाराचा दावा व प्रत्यक्ष निकाल अहवालात शेजारी शेजारी मांडले जातात. इंदूरजवळ पीथमपूर येथील ‘नॅट्रॅक्स’ या केंद्रात वाहनांच्या परीक्षेसाठी निरनिराळे मार्ग बांधलेले आहेत, तेथील 11.3 किलोमीटरांच्या वेगमार्गाचे उद्घाटन 2021 साली झाले.

ग्राहकाने ध्यानात ठेवावयाचा हिशेब साधा आहे. मर्यादा असते ती गाडी, तिच्यातील माणसे, पाठीवरचा माल आणि मागची जोडगाडी या सर्वांच्या एकत्रित वजनाची. समजा, ही मर्यादा 5,000 किलो आहे. गाडी 1,900 किलोंची, माणसे 136 किलोंची आणि पाठीवर 1,000 किलो माल. तर मागे ओढण्यास उरतात 1,964 किलो, अधिक नव्हे. पाठीवर चढवलेला प्रत्येक किलो ओढण्यातून वजा होतो. शिवाय सांधा, टायर आणि ब्रेक यांच्या मर्यादा स्वतंत्र असतात. त्यांत जी सर्वांत कमी, तीच अखेर गाडीची मर्यादा.

म्हणून विक्रेत्याला ‘किती ओढील?’ एवढेच विचारून भागत नाही. कोणत्या मापाने, किती चढावर आणि किती भरल्या गाडीने, हेही विचारले पाहिजे. सपाटीवर मोजलेला आकडा घाटात उपयोगी पडत नाही; आणि इंदूरहून नर्मदेकडे जाणाऱ्याला घाट चुकत नाही.